पदराकडे गेलेला हात

लग्नाची फिल्म कोणी शेवटपर्यंत बघत नाही, हे मला धंद्याच्या पहिल्याच वर्षी कळलं. जो तो आपलं तोंड शोधतो. सापडलं की ‘मी बघ किती काळा आलोय’ म्हणतो आणि उठून जेवायला जातो. तीन तासांची फिल्म मन लावून बघणारा माणूस एकच, चित्रण कापून-जोडून ती मिक्स करणारा. म्हणजे मी, बजरंग कुंभार, तेजश्री व्हिडिओ, मायणी रोड, विटा.

आमच्या विट्याकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी गाळायला पार कोइमतूरपासून कोलकात्यापर्यंत पांगलेली. मे महिन्यात ती लग्नांना गावी येतात आणि जाताना फिल्म घेऊन जातात. त्या फिल्मच्या सुरुवातीला जुन्या फोटोंचा एक तुकडा लागतोच, नाही तर माणसांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. माझं नाव झालं ते त्या तुकड्यावर.

या कामाला आमच्यात पॅन-क्रॉप म्हणतात. फोटोवर एक चौकट ठेवायची, समजा नवरीच्या आजोबांच्या फेट्यावर. चार सेकंदांनी चौकट कुठं असावी तेही सांगायचं, समजा त्यांच्या मांडीवर बसलेल्या दोन वर्षांच्या नवरीवर. मधला प्रवास संगणक करतो. फोटो जागचा हललेला नसतो, पण बघणाऱ्याला वाटतं, आजोबांनी मान खाली घालून नातीकडं बघितलं. बायका डोळे पुसतात. व्हिडिओचंही तेच. मोठ्या चित्रातला हवा तेवढा भाग चौकटीत धरायचा, नको तो बाहेर ठेवायचा आणि चौकट सावकाश सरकवत न्यायची. लोकांनी कुठं बघायचं ते ठरवायचं, एवढंच काम मी आयुष्यभर केलं.

सहा वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीची माणसं माझ्याकडं आली. त्यांना माझ्या फिल्म नको होत्या, प्रोजेक्टच्या फाइली हव्या होत्या. फिल्ममध्ये फक्त चौकटीतलं उरतं. प्रोजेक्टच्या फाइलीत मूळ अख्खं चित्र असतं आणि कोणत्या क्षणाला मी चौकट कुठं ठेवली, कुठं नेली, हेही असतं. म्हणजे डोळ्यांसमोर काय काय होतं आणि त्यातलं मी काय बघायचं ठरवलं, अशी जोडी. माझ्याकडं चोवीस वर्षांच्या फाइली होत्या, हार्ड डिस्कची तीन कपाटं. मला काही टाकवत नाही, त्याचा असा उपयोग झाला.

त्या जोड्या त्यांनी यंत्राला दाखवल्या. नवरीकडं बघ, भटजीकडं कमी बघ, असले नियम त्याला कोणी शिकवले नाहीत. अख्खं चित्र बघायचं आणि बजरंग कुंभारनं इथं चौकट कुठं ठेवली असती याचा अंदाज करायचा. अंदाज चुकला की आतले आकडे केसभर सरकवायचे आणि पुन्हा अंदाज करायचा. असं कोट्यवधी वेळा. काही महिन्यांनी त्यांनी एकाच लग्नाच्या दोन फिल्म मला दाखवल्या, एक माझी, एक यंत्राची. ‘ही माझी’ म्हणून मी बोट दाखवलं ती यंत्राची निघाली.

त्याचं नाव त्यांनी ‘नजर’ ठेवलं. देशभरातल्या नऊशे मिक्सिंगवाल्यांच्या फाइली त्यात आहेत, पण आमच्या बाजूच्या लग्नांसाठी ‘बजरंग’ नावाचा एक वेगळा पर्याय आहे. तो निवडला की फिल्म माझ्या हातची होते. नाव लागलं त्या दिवशी मी अख्ख्या मायणी रोडला पेढे वाटले होते.

आता कॅमेराही नजरच फिरवते. चार कॅमेरे स्टँडवर उभे करायचे, ते आपापल्या माना वळवत राहतात. हॉलमधल्या एलईडीच्या भिंतीवर पाहुण्यांना काय दाखवायचं तेही तीच ठरवते. मी वायरी बघतो, बटण दाबतो आणि खुर्चीत बसतो. लोक म्हणतात, ‘बजरंगनाना, तुमचं बरंय.’ बरंच आहे. पण एका दिवशी दोन लग्नं खांद्यावर कॅमेरा घेऊन केली तेव्हा जेवढा दमलो नाही, तेवढा मी आताशा खुर्चीत बसून दमतो.

गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीचं, कल्याणीचं लग्न झालं. मालनआक्का माझी थोरली बहीण. आम्ही दोघंच भावंडं. ती दिली लेंगऱ्याला, इथून तासाभराच्या आत. दाजी दोन वर्षांपूर्वी गेले. कल्याणी त्यांची एकुलती, पुण्यात नोकरी करते आणि तोंडानं फटकळ आहे. लग्न ठरतानाच तिनं सोयऱ्यांना सांगून टाकलं, ‘पहिली हळद माझी आई लावणार. जमत नसेल तर आपण रजिस्टर करू.’

सोयऱ्यांनी काही खळखळ केली नाही. विधवा बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, कार्यात तिला मागं ठेवायचं नाही, असे ठराव आमच्याकडं गावोगाव होऊन दहा वर्षं उलटली. आक्काच्या कपाळाला कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं, हातात हिरवा चुडा होता.

हळदीला ती डाळिंबी साडी नेसून पुढं आली. सरपंचबाई दोन शब्द बोलल्या, टाळ्या पडल्या. आक्कानं वाटीत बोटं बुडवली, लेकीच्या दोन्ही गालांना हळद लावली आणि तिचा चेहरा ओंजळीत धरून तशीच उभी राहिली. मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला आइस्क्रीमवाल्याशी हुज्जत घालत होतो. नवरीचा मामा म्हणजे फुकटचा हमाल. तरी ते मला दिसलं. म्हटलं, चला, कॅमेरे चालू आहेत, हे फिल्ममध्ये आलंच.

फिल्म तयार झाल्यावर मी ती न बघता पाठवून दिली. धंद्यात आता कोणीच बघत नाही.

आठवड्यानं कल्याणीचा फोन आला.

‘मामा, आई कुठाय?’

‘लेंगऱ्याला असंल की. का गं?’

‘फिल्ममध्ये कुठाय?’

‘म्हंजे?’

‘दोन तास चाळीस मिनिटांची फिल्म आहे,’ ती म्हणाली. ‘मी तीनदा बघितली. हळद लावताना आईचे हात आहेत, मनगटापर्यंत. सूनमुखाच्या वेळी तिच्या साडीचा काठ आहे. पाठवणीला ती माझ्या गळ्यात पडून रडतेय, आणि फिल्ममध्ये फक्त मी रडतेय. कुणाच्या गळ्यात ते दिसत नाही. आइस्क्रीमवाला आहे, मामा. दोनदा आहे.’

‘कल्याणी, मी हातसुद्धा लावला न्हाई त्याला. मशीननं केलंय.’

‘कुठला पर्याय निवडला होता?’

‘माझ्याच नावाचा.’

‘आईनं बघितली फिल्म,’ ती म्हणाली. ‘“झ्याक झालीय” म्हणाली आणि भांडी घासायला गेली. मामा, अंतरपाटापर्यंत माझा हात धरून तुम्ही आणलंत मला. पण आई असलेली फिल्म तिच्या हातात पडेपर्यंत मला फोन करू नका.’

तिनं फोन ठेवला. ती बोलते ते करते, हे मला तिच्या लहानपणापासून माहीत आहे. दाजी गेल्यावर या जगात माझी म्हणावीत अशी ही दोनच माणसं होती, आणि एक तर गेल्यात जमा झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि मी ती फिल्म बसून बघितली. मग चारही कॅमेऱ्यांचं मूळ चित्रण बघितलं. कॅमेरा पाहुण्यांवरून फिरत आक्काकडं येतो. तिचा खांदा चौकटीत येतो, गाल येतो, आणि तिथून तो सावकाश वळून समईवर जातो. दुसरा तसाच येतो आणि तोरणाच्या फुलांवर जातो. धसमुसळेपणा नाही, झटका नाही. बघणाऱ्याला वाटावं की मुळात समईच दाखवायची होती. ते वळण मी लगेच ओळखलं. ते माझंच होतं.

आता खरं ते सांगायला हवं. शुभकार्याच्या फिल्ममध्ये विधवा बाई नको, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. यजमान कधी कानात सांगायचे, कधी आपणच समजून घ्यायचं. चौकट जराशी सरकवली की काम भागायचं. त्या बाईला कोणी उठवत नाही, अपमान नाही, भांडण नाही. मला वाटायचं, यापेक्षा सभ्यपणे ते करताच येणार नाही. ठराव झाल्यापासून मी ते सोडून दिलं होतं. पण कपाटातल्या फाइलींना ठराव कुठला कळायला.

तरी एक कोडं उरत होतंच. आक्काच्या कपाळाला कुंकू होतं, गळ्यात मंगळसूत्र होतं. यंत्राला कळलं कशावरून?

मांडवात पाचवाही एक कॅमेरा असतो. खांबाला बांधलेला, न हलणारा. दागिना हरवला, पाकीट मारलं, तर बघायला. त्यात अख्खा मांडव येतो आणि माणूस दिसतो अंगठ्याएवढा. त्यातला आक्का पुढं येतानाचा तुकडा मी काढला आणि नजरेला दिला. पडद्यावर पिवळी चौकट उमटली, आक्काकडं आली आणि वळली.

यंत्र असं का करतं हे शोधायची एक साधी रीत आहे. चित्राचा एक एक भाग झाकायचा आणि पुन्हा चालवून बघायचं. जो भाग झाकल्यावर निकाल बदलतो, तो भाग बघून ते ठरवतं. मी आधी आक्काच्या कपाळावर करडा ठिपका ठेवला. चौकट आली आणि वळली. गळा झाकला. वळली. अख्खा चेहरा झाकला, तरी वळली. शेजारच्या बायका एकेक करून झाकल्या. काही फरक नाही. चहा आला, गार झाला. शेवटी वैतागून मी तिचा उजवा हात झाकला.

चौकट आक्कावर आली आणि तिथंच राहिली.

मी तो तुकडा सावकाश चालवला. कॅमेरा आपल्याकडं वळतोय हे दिसताच आक्काचा उजवा हात वर येतो आणि खांद्यावरच्या पदराकडं जातो. एवढंच. बाकीच्या बायकाही पदर सारखा करतात, पण शेजारणीशी हसत, बोलता बोलता, कॅमेऱ्याकडं लक्ष नसताना. हिचा हात एकटा जातो, सावकाश, आणि तेव्हा ती कॅमेऱ्याकडं बघत असते. आणि एकदा वळलेली चौकट पुढं फिल्मभर त्या माणसाला टाळत राहते, कारण मी तसंच करायचो. अर्ध्या फिल्ममध्ये बाई आहे आणि अर्ध्यात नाही, असं बरं दिसत नाही.

तो हात मला नवा नव्हता. शेकडो लग्नांत बघितलेला. कॅमेरा जवळ आला की विधवा बाईचा हात असाच वर यायचा आणि मला कळायचं: ती म्हणतेय, मला नको घेऊस बाबा. मी मान राखून वळायचो.

कंपनीत मुग्धा म्हणून एक मुलगी आहे, नजरेचं काम बघते. वयानं कल्याणीएवढी. तिला मी फोन लावून सगळं सांगितलं. तिनं दोन दिवस मागून घेतले आणि मग व्हिडिओवर आली, तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

‘काका, तुमच्या फाइलींमध्ये यजमानांच्या सूचनाही तुम्ही लिहून ठेवल्यात,’ ती म्हणाली. ‘“हिरव्या साडीतल्या काकूंना घेऊ नका”, अशा. त्या अडतीस आहेत.’

‘असतील.’

‘आणि तुमची चौकट अशी वळलीय ती अकराशे बारा बायकांवरून.’

‘अकराशे बारा?’

‘बाकीच्या एक हजार चौऱ्याहत्तर बायकांचं तुम्हाला कोणी सांगितलं होतं?’

‘त्याच सांगायच्या. हात करायच्या, नको म्हणून.’

‘तसं त्या म्हणाल्या का कधी?’

‘म्हणायला कशाला लागतं, बाळ? समजतं ते. आमच्या घरात मी ते बघतच मोठा झालो. मी नऊ वर्षांचा असताना वडील गेले.’

ती म्हणाली, ‘यंत्राला बाईचं म्हणणं कळत नाही, काका. तुम्ही काय समजलात तेवढंच कळतं.’

मी म्हटलं, ‘ते राहू दे. हे बंद कसं करायचं ते सांग.’

‘तुमच्या नावाचा पर्याय मी आजच बंद करायला सांगते. पण मूळ नजर नऊशे जणांची मिळून केलीय. ताकात घातलेलं मीठ परत काढता येत नाही, तसं झालंय. आणि तुम्ही एकटे नाही. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकानं असंच निघालं. ते पुसायचं तर सगळं नव्यानं शिकवावं लागेल. मी वर लिहिते. पण दीड-दोन वर्षं तरी धरा.’

‘आणि तोपर्यंत?’

‘तोपर्यंत चालूच राहील,’ ती म्हणाली. ‘लग्नाचे हॉल आहेत, शाळांची गॅदरिंग आहेत. ग्रामसभांचं थेट प्रक्षेपण पण आता त्याच्यावरच असतं.’

ग्रामसभा म्हटल्यावर मला आमच्या ठरावाची ग्रामसभा आठवली. पहिल्या रांगेत बसलेल्या विधवा बायका आठवल्या. आता ग्रामसभेत कॅमेरा त्यांच्याकडं वळत असेल तेव्हा त्या काय करत असतील, हे मला न बघता दिसत होतं. फोन ठेवला. राग यावा एवढीही ताकद अंगात उरली नव्हती.

मग हातानं करायला घेतलं. चार कॅमेऱ्यांत आक्का धड नव्हतीच, राहिला खांबावरचा पाचवा. त्यातल्या अख्ख्या मांडवातून तिच्यापुरती चौकट कापायची. सहा वर्षांनी माउस हातात धरला होता. हळदीचा तुकडा घेतला, पहिली चौकट आक्कावर ठेवली, शेवटची ठेवली, चालवून बघितलं. चौकट कल्याणीवर संपत होती. पुन्हा केलं. पुन्हा तेच, आक्का कडेला अर्धी कापलेली. माझा मीच हात बघत बसलो. तिच्यापाशी आलं की तो बोटभर डावीकडं सरकायचा, मी न सांगता. तीन दिवसांत मी सहा मिनिटं केली, आणि तीही धड नव्हती.

चौथ्या दिवशी अकराच्या एस.टी.नं आक्का आली. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. शटरखालून वाकून आत आली आणि म्हणाली, ‘काय रं, दिवसाढवळ्या दार लावून बसलाईस? कल्याणी बोलली व्हय काय?’

‘बोलली.’

‘तिचं तोंड लई चालतं. बापावर गेलीय.’ तिनं पिशवी ठेवली आणि पंख्याखालच्या स्टुलावर बसली. पडद्यावर मांडव गोठलेला होता. ‘जेवलास का न्हाई?’

‘आक्का, मी मुद्दाम न्हाई केलं.’

‘म्या कुठं म्हणलं?’

‘तुला वाईट वाटलं न्हाई?’

‘वाटलं की.’ ती पदरानं मान पुसत होती. ‘खोटं कशाला बोलू? लेकीचं एकच लगीन. दोनदा बघितली फिलम. पर मला धक्का न्हाई बसला, बजा.’

‘का?’

‘माझ्या लग्नाच्या कॅसेटीत आई कुठं हाय?’

आक्काचं लग्न अठ्ठ्याण्णव सालचं. मी एकोणीस वर्षांचा होतो. ज्यांच्या हाताखाली मी शिकत होतो त्यांनी बहिणीचं लग्न म्हणून तासभर कॅमेरा माझ्या खांद्यावर दिला. माझं पहिलं काम. तेव्हा चौकट-बिकट काही नव्हतं, आपण वळलो की चित्र वळायचं. आक्काला प्रत दिली आणि मूळ कॅसेट पुढं दुसऱ्या लग्नाला वापरली, तेव्हा सगळेच तसं करायचे. आई जाऊन आता अकरा वर्षं झाली.

‘आई सोप्याच्या दारात हुती,’ मी म्हणालो. ‘मी वळलो हुतो तिच्याकडं. तिनंच हात केला, आक्का. नको म्हणाली. मला चांगलं आठवतंय.’

‘न्हाई रं,’ आक्का म्हणाली. ‘मी बाशिंग बांधून तिच्याकडंच बघत हुते. मला तिथनं ती सरळ दिसायची. सकाळपासनं चारदा इचारलं हुतं तिनं मला. “बजा मला घील का गं? पदर नीट हाय का बघ.” नवं लुगडं हुतं तिच्या अंगावर, माझ्या सासरकडनं आल्यालं. तू वळलास तवा तिनं पदर सारखा केला. नीट दिसावं म्हणून. आन् तू क्यामेरा फिरवलास तोरणावर.’

पंखा फिरत होता.

‘ती काय म्हणाली?’

‘काय म्हणंल? सांजच्याला मी इचारलं, तुला घेतलं का गं बजानं? तर म्हणाली, “त्याला फुलं लई आवडत्यात, ल्हानपणापासनं.”’

मला रडू आलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, शटर अर्धं उघडं, रस्त्यावरून माणसं जातायत, आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. अकराशे बारा बायका. त्यातल्या कितीजणींनी त्या दिवशी कुणाला तरी विचारलं असेल, पदर नीट आहे का बघ.

आक्कानं मला रडू दिलं. ती तशी लहानपणापासून शहाणी.

‘तू आधी का सांगितलं न्हाईस मला?’ मी विचारलं.

‘तुझं पैलंच काम. गावभर सांगत हिंडत हुतास. मग राहून गेलं. मग आई गेली. मग सांगून काय करायचं?’

‘आन् तू? हळदीला तू हात का नेलास पदराला?’

ती जराशी हसली. लाजली म्हटलं तरी चालेल.

‘क्यामेरा माझ्याकडं आला म्हणून. तुझं दाजी गेल्यापासनं माझा फोटू कुणी काढला न्हाई, बजा. म्हणलं, नीट दिसावं.’

मी नाक पुसलं आणि खुर्ची पडद्याकडं वळवली. हळदीचा तुकडा पुन्हा पहिल्यापासून घेतला. अख्ख्या मांडवात अंगठ्याएवढी आक्का शोधली, चौकट लहान केली आणि तिच्यावर आणली. एवढं मोठं केल्यावर चित्र फुटलं, चेहरा पुसट झाला. नजरेनं कडेला लगेच विचारलं, चेहरा स्वच्छ करू का? तिला ते येतं. नाक-डोळे अंदाजानं भरते. मी नाही म्हणून टाकलं.

‘ही मी हाय व्हय?’ आक्का पुढं वाकून म्हणाली.

‘तूच. लांबनं काढलंय, म्हणून धुरकट दिसतीस.’

‘असू दे. डोळ्याला तशीच दिसते मी मला.’

पडद्यावर ती मांडवात पुढं आली. उजवा हात वर आला, पदराकडं गेला. माउसवरचा माझा हात डावीकडं ओढ घ्यायला लागला. तिथं समई होती, तिथून पुढं तोरण. मी मनगट टेबलावर दाबून धरलं. पडद्यावरच्या आक्कानं पदर खांद्यावर सारखा केला, बोटांनी काठ चाचपला, मान सरळ केली आणि वाट बघत उभी राहिली. मूळ तुकड्यात ती अशी अकरा सेकंद उभी आहे. चारही कॅमेरे तिच्यावरून निघून गेलेत हे तिला माहीत नाही.

आम्ही दोघं ती अकरा सेकंदं बघत राहिलो. आक्का स्टुलावर चुळबुळली.

‘बास की आता,’ ती म्हणाली. ‘किती वेळ माझंच थोबाड? जरा फुलं तरी दाखव.’

‘न्हाई,’ मी म्हणालो.